खांद्यावरची आरागिरणी

भोर तालुक्याच्या पश्चिमेस हिरडस मावळात, किंवा डोंगरापलीकडे वेल्ह्याच्या कानद खोऱ्यात, एखाद्या शेतकऱ्याच्या मालकी रानात साठ-सत्तर वर्षांचे जांभळाचे झाड उभे असते. ते कोणी मुद्दाम लावलेले नसते. आजोबांनी ते तोडले नाही, बापानेही तोडले नाही, म्हणून ते वाढले. मग घरात लग्न निघते, दवाखान्याचा खर्च उभा राहतो किंवा विहिरीचे काम पैशाअभावी अडते, आणि ठेकेदाराला निरोप जातो. ठेकेदार येतो, खोडाला कवळा घालून पाहतो, भोवतालचा उतार न्याहाळतो आणि एक उक्ती रक्कम सांगतो. ही रक्कम लाकडाच्या प्रतीवरून ठरत नाही. झाडापासून सडकेपर्यंत किती अंतर आहे आणि मधला उतार किती अवघड आहे, यावरून ती ठरते. सडकेलगतच्या झाडाचे ओंडके ट्रकमध्ये चढतात. घळीतल्या झाडाचे तुकडे होतात आणि ते जळण म्हणून किंवा कोळसा म्हणून वजनावर विकले जाते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर या झाडाची किंमत वाहतुकीने खाऊन टाकलेली असते. जांभळाचे लाकूड टिकाऊ आहे. पाण्याच्या सान्निध्यातही ते लवकर कुजत नाही. त्याच्या फळीला सुतार नाही म्हणणार नाही. परंतु ओंडका डोंगरावरून खाली आणणे परवडत नाही, म्हणून तुळईच्या लायकीचे लाकूड चुलीच्या भावाने जाते. मातीने झाकलेल्या पारंपरिक भट्टीत पाच-सहा किलो वाळलेल्या लाकडामागे एक किलो कोळसा पडतो. सत्तर वर्षांच्या वाढीतून शेवटी मोजकी पोती हाती लागतात, आणि त्या पोत्यांच्या किमतीतला सर्वांत लहान वाटा झाडाच्या मालकाला मिळतो.

हा हिशेब बदलू शकेल असे एक साधन आता बाजारात कोणालाही विकत मिळते. लाकूड कापण्याच्या चेनसॉला, म्हणजे खेड्यात ज्याला सरसकट 'कटर' म्हणतात त्या यंत्राला, जोडावयाचा तो एक साधा सांगाडा आहे. त्याच्या साह्याने झाड जेथे पडले असेल तेथेच त्याच्या फळ्या पाडता येतात. वरवर पाहता ही किरकोळ बाब वाटेल. परंतु भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतील उरलेल्या मोठ्या झाडांचे भवितव्य आणि त्या झाडांच्या मालकांची मिळकत, या दोन्ही गोष्टी या किरकोळ बाबीशी निगडित होणार आहेत. म्हणून तिचा विचार वेळेवर झालेला बरा.

यंत्र कसे चालते

चेनसॉचा इतिहास फार जुना नाही. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत तयार केली. ती झाड आडवे कापण्यासाठी होती. ओंडका उभा चिरून त्याच्या फळ्या करण्याचे काम आरागिरणीचेच राहिले. पुढे अमेरिकेत या करवतीच्या पात्याला दोन समांतर दांड्यांचा सांगाडा जोडण्याची युक्ती निघाली. 'अलास्कन मिल' या नावाने तो सांगाडा ओळखला जातो. दांड्या ओंडक्याच्या पाठीवर टेकून सरकतात आणि पाते त्यांच्याखाली ठरावीक अंतरावर आडवे चालते. पहिल्या कापाच्या वेळी ओंडक्याची पाठ गोल असते, म्हणून तिच्यावर सरळ शिडी किंवा फळी ठोकून तिच्या आधाराने यंत्र नेतात. एकदा सपाट बाजू मिळाली की पुढचा प्रत्येक काप आधीच्या कापाच्या आधाराने सरळ जातो. साखळीचे दातही निराळे घासावे लागतात. आडव्या कापासाठी त्यांचा कोन साधारण तीस अंशांचा असतो, तर उभे चिरण्यासाठी तो दहा अंशांपर्यंत उतरवतात. इंजिन मात्र दणकट लागते; फांद्या छाटण्याचे लहान यंत्र येथे उपयोगी पडत नाही.

सगळे साहित्य दोन माणसांच्या खांद्यावर मावते. विजेची तार लागत नाही, शेड लागत नाही, जागा लागत नाही. आजवर झाड गिरणीकडे जात असे; आता गिरणी झाडाकडे जाते. या एका वाक्यात या यंत्राचा सर्व लाभ आहे आणि सर्व धोकाही आहे.

एका अर्थाने ही जुन्याच पद्धतीची नवी आवृत्ती आहे. आरागिरण्या येण्यापूर्वी जंगलातच खड्डा खणून त्यावर ओंडका आडवा ठेवीत. एक करवत्या वर उभा राही, दुसरा खड्ड्यात उतरे आणि दोघे मिळून लांब करवतीने फळ्या पाडीत. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या ४१ व्या कलमात, इमारती लाकडाच्या वाहतुकीसंबंधी नियम करण्याचे अधिकार सरकारला देताना, अशा करवतीच्या खड्ड्यांवर बंदी घालण्याचा अधिकारही स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. लाकूड चिरण्याची जागा ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात जंगल, हे इंग्रज वनाधिकाऱ्यांनी अचूक ओळखले होते. वाफेच्या आणि विजेच्या गिरण्या आल्या तेव्हा खड्डा मागे पडला. आता जवळजवळ शंभर वर्षांनी तो खड्डा पुन्हा जंगलात चालला आहे. फरक एवढाच की या वेळी तो खणावा लागत नाही, आणि काम उरकून माणसे निघून गेली की भुशाखेरीज तेथे काही मागे राहत नाही.

मापाचा आणि भुशाचा हिशेब

या यंत्राच्या अर्थकारणाचा विचार आकड्यांखेरीज करता येणार नाही. सहा फूट घेराचा आणि आठ फूट लांबीचा एक ओंडका घ्यावा. लाकडाच्या व्यापारात रूढ असलेल्या चौथाई घेराच्या पद्धतीने त्याचे माप असे निघते: घेराचा चतुर्थांश दीड फूट, त्याचा वर्ग सव्वादोन आणि त्यास लांबीने गुणून अठरा घनफूट. परंतु भूमितीच्या नियमाने त्याच ओंडक्याचे घनफळ तेवीस घनफुटांच्या जवळ जाते. म्हणजे पाचव्या हिश्शाहून अधिक लाकूड मापातच नाहीसे होते. ओंडका चौकोनी करताना साल आणि कडा वाया जातात, हे या सुटीचे मूळ कारण, आणि ते खोटे नाही. पण त्या कडांचेही जळण होते आणि ते विकले जाते. झाडाच्या मालकाला मात्र या मापाची गणती कोणी समजावून सांगत नाही. बहुतेक वेळा तर त्याचे झाड मापलेच जात नाही. ते नजरेने विकले जाते.

आता भुशाकडे वळावे. चेनसॉची साखळी जाड असते. प्रत्येक कापात सुमारे तीन अष्टमांश इंच लाकडाचा भुसा होतो. एक इंच जाडीच्या फळ्या पाडल्या तर दर अकरा भागांतले तीन भाग, म्हणजे जवळजवळ सत्तावीस टक्के लाकूड जमिनीवर सांडते. आरागिरणीच्या पट्टा-करवतीचा काप एक अष्टमांश इंचाचा धरला तर हीच घट अकरा टक्के येते. तेव्हा पातळ फळ्यांच्या कामात हे यंत्र उधळे ठरते. परंतु दोन इंच जाडीचे फळे पाडले तर घट सोळा टक्क्यांच्या आत राहते. याचा निष्कर्ष असा की, रानात जाड फळे पाडावेत आणि पुढचे बारीक चिरकाम गावातल्या सुताराच्या किंवा परवानाधारक गिरणीच्या यंत्रावर करावे. रान आणि गिरणी एकमेकांना मारक नव्हेत, पूरक ठरू शकतात.

तिसरा हिशेब ओझ्याचा. वरील ओंडका ओला असताना साडेसहाशे किलोच्या आसपास भरतो. तो उतारावरून खाली आणावयाचा तर ट्रॅक्टरसाठी वाट पाडावी लागते. ती पाडताना आणखी दहा-वीस लहान झाडे जातात आणि पावसाळ्यात त्याच वाटेने माती वाहते. त्याच ओंडक्याचे आठ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन इंच जाड असे फळे पाडले तर एकेक फळा दोन घनफुटांचा होतो आणि ओला असतानाही पन्नास-साठ किलोंत बसतो. दोन माणसे तो पायवाटेने उतरवू शकतात. जे झाड कोळशाच्या भावाने जाणार होते ते फळ्यांच्या भावाने विकण्याची शक्यता येथे निर्माण होते.

ही शक्यता केवळ कागदावरची नाही. पुण्यातील नव्या घरांतून आणि उपाहारगृहांतून झाडाची नैसर्गिक कड तशीच ठेवलेल्या एकसंध फळ्यांच्या मेजांना मागणी आहे. रुंद, जुन्या खोडाखेरीज असा फळा निघत नाही. भोर आणि वेल्हे पुण्याला इतके जवळ आहेत की भवानी पेठेतील टिंबर मार्केटचा भाव तेथे पोचण्यास एक दिवसही लागत नाही. मात्र ओला फळा लगेच विकला तर तो वाकतो, चिरतो आणि त्याची किंमत पडते. टोकांना रंग किंवा मेण लावून, दोन फळ्यांमध्ये सारख्या अंतरावर पट्ट्या घालून, वाऱ्याच्या पण सावलीच्या जागी त्यांची थप्पी रचावी लागते. इंचामागे एक वर्ष, हा लाकूड सुकविण्याचा ढोबळ आडाखा आहे. दोन वर्षे थांबण्याची ऐपत ज्याच्याकडे आहे, वाढीव किंमत त्याच्या पदरात पडते. ज्याला पुढच्या आठवड्यात दवाखान्याचे पैसे भरावयाचे आहेत, त्याच्यापाशी यंत्र असले तरी उपयोग नाही. तो फळाही उक्ताच विकेल. हा यंत्राचा प्रश्न नसून पतपुरवठ्याचा आहे, आणि तो सोडविल्याशिवाय यंत्राचा नफा ठेकेदाराच्याच खिशात जाणार हे उघड आहे.

डोंगर उघडे कसे पडले

या दोन तालुक्यांनी अशा संधींची किंमत पूर्वी मोजलेली आहे. भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन झाले. त्यापूर्वीच, १९२८ साली, भाटघरचे धरण पुरे झालेले होते. पुढे पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर आणि गुंजवणी अशी धरणांची मालिका या खोऱ्यांतून उभी राहिली. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, तेव्हा पुण्याने जे सोसले ते पुण्याच्या स्मरणात आहे. परंतु धरणांच्या वरच्या बाजूला जे घडले ते शहराला फारसे ठाऊक नाही. धरणाच्या निमित्ताने आत रस्ते गेले आणि त्याच रस्त्यांनी कोळशाचे व्यापारी आत आले. देवरायांच्या अभ्यासासाठी हा मुलूख पायी पाहिलेल्या डॉ. माधव गाडगीळ यांनी या घडामोडींची नोंद करून ठेवली आहे. पाण्याखाली जमीन गेलेल्या माणसाला रोख पैसा हवा होता आणि व्यापाऱ्याला लाकूड हवे होते. सौदा होण्यास वेळ लागला नाही.

कायद्यानेही काही वेळा उलटा परिणाम घडविला. ३० ऑगस्ट १९७५ पासून महाराष्ट्रातील खाजगी वने सरकारजमा करणारा कायदा अमलात आला. लहान धारकांना जमीन परत देण्याची तरतूद त्यात पुढे झाली हे खरे. परंतु रानात झाडे राखली तर रानच हातचे जाते, अशी जी समजूत डोंगरातल्या शेतकऱ्याच्या मनात अशा कायद्याने रुजते, ती एका दुरुस्तीने पुसली जात नाही. झाड राखणे हा गुन्हा आणि झाड तोडून जमीन मोकळी ठेवणे हे शहाणपण, असा अर्थ शेतकऱ्याने काढला तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. अलीकडच्या काळात या जमिनींना शहरी ग्राहक मिळाला आहे. त्याला दुसरे घर बांधण्यासाठी सपाट, मोकळा तुकडा हवा असतो. झाड आता जमिनीच्या किमतीत भर घालीत नाही. ते हलवावयाचा अडथळा ठरते.

इतके होऊनही काही झाडे उरली. ती दोन कारणांनी उरली. एक कारण श्रद्धा. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा जो अभ्यास केला, त्यात या भागातील देवरायांना महत्त्वाचे स्थान आहे. देवीच्या नावाने राखलेल्या या लहानशा तुकड्यांत जुने वृक्ष, प्रचंड वेली आणि झऱ्याचे पाणी एकत्र टिकून राहिले. दुसरे कारण मात्र श्रद्धेइतके उदात्त नाही. ते अंतर आहे. घळीत, कड्याखाली, सडकेपासून तासाभराच्या चढणीवर जे झाड होते ते परवडत नाही म्हणून वाचले. त्याच्यासाठी ना पहारेकरी होता ना कायदा. अवघड उतार हाच त्याचा राखणदार होता.

खांद्यावरची आरागिरणी नेमका हा राखणदार दूर करते. ज्या कारणाने ती गरीब शेतकऱ्याच्या झाडाला भाव मिळवून देऊ शकते, त्याच कारणाने ती शेवटच्या जुन्या झाडापर्यंत पोचू शकते. देवराईतला चार फूट व्यासाचा वृक्ष आजवर कापून नेणे अशक्यप्राय होते. आता ते एका दिवसाचे काम होईल, आणि तेही सडकेवर एक ओंडका न दिसता. लाभ आणि धोका एकाच पात्याच्या दोन बाजू आहेत. एक घेऊन दुसरी टाकता येत नाही.

कायद्याची नजर

सध्याचा कायदा या स्थितीला पुरा पडेल काय? राज्यात १९६४ पासून वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदा आहे. हिरडा, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, अंजन, साग इत्यादी सोळा जातींची झाडे तो आपल्या कक्षेत घेतो. मेलेल्या, रोगट किंवा वाऱ्याने पडलेल्या झाडाला परवानगी नाकारू नये, असेही त्यात म्हटले आहे. मूळ कायद्यातील एक हजार रुपयांच्या कमाल दंडाऐवजी पन्नास हजारांचा दंड असावा, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये घेतला. दुसरीकडे आरागिरण्यांचे नियमन सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी कडक झाले. गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने 'वन' या शब्दाचा अर्थ, मालकी कोणाचीही असो, कोशातल्या अर्थाप्रमाणे घ्यावा असे सांगितले. २००२ साली नवीन आरागिरण्यांवर केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या पूर्वपरवानगीचे बंधन आले आणि २०१६ मध्ये केंद्राने लाकूड-आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली.

या सर्व व्यवस्थेत एक समान गृहीत आहे. गिरणी एका जागी असते, तिला पत्ता असतो, आणि लाकूड सडकेवरून ओंडक्याच्या रूपात तिच्याकडे जाते. अधिकारी दोनच ठिकाणी उभा राहू शकतो: गिरणीच्या दारात किंवा नाक्यावर. जी गिरणी आज या घळीत आणि उद्या पलीकडच्या डोंगरावर असते तिला पत्ता नाही, आणि टेंपोत ताडपत्रीखाली रचलेल्या सुकलेल्या फळ्यांवरून झाड कोणते होते आणि कोठले होते हे ओळखणे अवघड आहे. दंड पन्नास पटींनी वाढविला तरी पकडण्याची शक्यता तेवढीच राहिली तर प्रामाणिक माणूस अधिक घाबरतो आणि अप्रामाणिक माणूस लाचेचा दर वाढवून देतो. यापलीकडे फारसे काही घडत नाही.

मग यंत्रावर सरसकट बंदी घालावी काय? हा मार्ग इतर देशांनी चोखाळून पाहिला आहे. पश्चिम आफ्रिकेतील घानाने १९९८ साली चेनसॉने फळ्या पाडून विकण्यास मनाई केली. त्यानंतरही देशांतर्गत बाजारातील बहुतांश फळ्या चेनसॉनेच कापलेल्या असत, असे तेथील पाहण्यांतून दिसले. कारण उघड होते. गिरण्यांचे चांगले लाकूड परदेशी जाई आणि गावातल्या माणसाला घरासाठी स्वस्त फळी हवी असे. बंदीने काम थांबले नाही. फक्त ते रात्री होऊ लागले. दक्षिण अमेरिकेतील गयानाने उलट मार्ग धरला. तेथे परवान्याखाली हे काम कायदेशीर आहे आणि लाकूडतोड्यांच्या स्थानिक संघटनांना जंगलाचे नेमून दिलेले भाग मिळतात. फिलिपीन्सने तिसरा मार्ग काढला. २००२ च्या कायद्याने तेथे चेनसॉ बाळगण्यास, विकण्यास आणि वापरण्यासच परवाना आवश्यक केला. या तिन्ही देशांची परिस्थिती आपल्याहून निराळी आहे, तेव्हा त्यांची नक्कल करून भागणार नाही. पण एवढा धडा घेता येतो की, ज्या यंत्राला बाजार आहे ते बंदीने नाहीसे होत नाही. ते कोणाच्या हातात आहे आणि त्याची नोंद कोठे आहे, एवढेच ठरविणे समाजाच्या हाती असते.

कोणाच्या हाती

या यंत्राचा पहिला आणि निर्विवाद उपयोग पडलेल्या झाडांसाठी आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि घाट चढून पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात शिरले. त्या दिवशी आंबा, फणस, जांभूळ अशी जुनी झाडे मुळांसकट उलथली. अशा वेळी खोड कुजण्यापूर्वी किंवा त्याचे जळण होण्यापूर्वी जागच्या जागी फळे पाडता आले, तर त्याच गावात छपरे उडालेल्या घरांना वासे आणि फळ्या मिळू शकतात. डोंगरात वादळवारा काही एकदाच येत नाही. दर पावसाळ्यात झाडे पडतात, दरडीखाली जातात, धरणाच्या काठाने वाळून उभी राहतात. कायदा अशा झाडांना परवानगी नाकारू नये असे सांगतो. मग ती परवानगी तालुक्याच्या कचेरीत महिनोन् महिने न अडकता गावातच, पंचनाम्याच्या आधारे, थोडक्या दिवसांत का मिळू नये? झाड कुजल्यावर आलेली परवानगी आणि नकार यांत शेतकऱ्याच्या दृष्टीने काही फरक नाही.

यंत्र व्यक्तीच्या मालकीचे असण्यापेक्षा ग्रामसभेच्या, विविध कार्यकारी सोसायटीच्या किंवा बचत गटाच्या नावावर असावे. त्याची नोंद व्हावी आणि ते कोणत्या दिवशी कोणत्या गट क्रमांकात, कोणत्या झाडावर चालले याची वही गावाच्या चावडीत उघडी असावी. फळे सुकविण्याची थप्पी गावात एकाच ठिकाणी असावी आणि थप्पीवरील मालाच्या तारणावर सोसायटीने मालकाला उचल द्यावी, म्हणजे दोन वर्षे थांबणे त्याला परवडेल. झाडाचे माप मालकासमोर, खऱ्या घनफळाने व्हावे. देवराया, झऱ्यांचे उगम आणि तीव्र उतार या जागा गावानेच ठराव करून यंत्राला बंद ठेवाव्यात. एवढी व्यवस्था झाली तर गिरणीचा पत्ता नसण्याची अडचण राहत नाही. गाव हाच तिचा पत्ता होतो.

हे स्वप्नरंजन आहे, असा आक्षेप येईल. ग्रामसभा ठेकेदाराच्या खिशात जात नाहीत काय? जातात. सोसायट्यांचे काय झाले हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु याच महाराष्ट्रात एप्रिल २०११ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाच्या ग्रामसभेकडे बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक सोपविले गेले. पुस्तक वनखात्याच्या टेबलावरून गावाच्या हाती आल्याने बांबू नाहीसा झाला नाही; त्याचा भाव मात्र गावाने ठरविला. मेंढ्याचा बांबू सामूहिक वनातला होता आणि भोर-वेल्ह्याचे लाकूड खाजगी रानातले आहे, हा भेद महत्त्वाचा आहे. बांबू काही वर्षांत पुन्हा येतो आणि जांभूळ दोन पिढ्यांनी येते, हा भेद त्याहून महत्त्वाचा आहे. म्हणूनच येथे वही अधिक काटेकोर हवी. पण ती वही गावाने ठेवू नये असे यातून सिद्ध होत नाही.

या चर्चेत एका माणसाचा विसर पडता कामा नये. कोळशाच्या भट्टीवर राबणारा कातकरी मजूर या व्यवसायाच्या तळाशी आहे. उद्या यंत्र आले तर ते चालविण्यासाठीही बहुधा त्यालाच बोलावले जाईल. उभे चिरताना यंत्र तासन् तास पूर्ण वेगाने चालते. धूर आणि भुसा नाकातोंडात जातो, कानठळ्या बसतात, सततच्या कंपनाने बोटे बधिर होतात, आणि पाते उसळले तर क्षणात जीव जातो. शिरस्त्राण, कानांवरील आच्छादन, पायांचे जाड कवच या वस्तू यंत्राच्या किमतीतच धरल्या पाहिजेत. मजुराच्या पायावर वाचविलेला पैसा हा नफा नव्हे.

आणखी एक गोष्ट केवळ लाकडाच्या भावाने मोजता येणार नाही. हिरड्याचे झाड उभे असताना दरवर्षी फळ देते. औषधासाठी आणि कातडी कमावण्यासाठी त्या फळाला बाजार आहे. आंबा, फणस, जांभूळ यांचेही तसेच. फळ हे व्याज आहे आणि खोड हे मुद्दल आहे. अडचणीच्या वेळी मुद्दल मोडावे लागते, याबद्दल कोणालाही नावे ठेवता येत नाहीत. परंतु खोडाला चांगला भाव आला म्हणून व्याज देणारे मुद्दल मोडले जाऊ लागले, तर ते भाववाढीचे सुख फार काळ टिकणारे नाही. यंत्राने मेलेल्या झाडाची किंमत वाढावी, जिवंत झाडाचा धीर सुटू नये, अशी व्यवस्था हवी.

या विचारासाठी परदेशी ग्रंथांकडे जाण्याची गरज नाही. ज्या वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला, त्या तालुक्यातील राजगडावरून शिवछत्रपतींनी दीर्घकाळ राज्य चालविले. त्या राज्याची नीती रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे 'आज्ञापत्रा'त लिहून ठेवली. आरमारासाठी आंब्या-फणसाचे लाकूड उपयोगाचे असले तरी त्या झाडांना हात लावू नये, कारण ती वाढण्यास वर्षे लागतात आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, त्याचा योग्य मोबदला देऊन, मगच ते तोडावे. असा त्या आज्ञेचा आशय आहे. जीर्ण झाड, राजी मालक आणि पुरता मोबदला या तीन अटी तेव्हा लढाऊ जहाजे बांधणाऱ्या राज्यालाही लागू होत्या. आज मेजाच्या फळ्यांसाठी डोंगर चढणाऱ्या यंत्राला त्या लागू करणे अवघड मानण्याचे कारण नाही. यंत्र घाट चढून वर येईल त्या दिवशी गावाची वही तयार असली पाहिजे, एवढेच.